मधुमेह आहे आणि बाळ हवंय: सुरुवात कुठून करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वय २९, लग्नाला चार वर्षं झाली. तीन वर्षांपासून टाइप २ मधुमेह आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे, बीपीसाठी टेल्मिसार्टन, कोलेस्टेरॉलसाठी रोसुव्हास्टॅटिन. गेल्या महिन्यातला एचबीए१सी ८.९ आहे. आता मूल हवंय. गोळ्या बंद करून टाकू का? इन्सुलिन घ्यावंच लागेल का? बाळालाही मधुमेह होईल का? माझ्या जावेची सहाव्या महिन्यात ग्लुकोज पाजून तपासणी केली, तिची साखर १५२ आली. तिला आणि मला एकच आजार आहे का?"

ताई, हा प्रश्न तुम्ही पाळी चुकायच्या आधी विचारलात, याचा मला फार आनंद झाला. मधुमेह असलेल्या बऱ्याच जणी दवाखान्यात येतात त्या प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह आल्यावरच. त्यानंतर आम्ही सगळं करतो, आणि त्याचा उपयोगही होतो; पण ज्या आठवड्यांत साखर आटोक्यात असण्याची सगळ्यात जास्त गरज होती, ते तोवर निघून गेलेले असतात.

असं का, ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. गर्भ राहिल्यापासून साधारण २८ व्या दिवसापर्यंत बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी मिटलेली असते. हृदयाचे कप्पेही पहिल्या दोन महिन्यांतच आकाराला येतात. २८ वा दिवस म्हणजे शेवटच्या पाळीपासून सहा आठवडे, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे. तुमची पाळी थोडी मागेपुढे होत असेल तर त्या वेळी तुम्हाला शंकासुद्धा आलेली नसेल. आईच्या रक्तातली जास्तीची साखर नेमकी याच दिवसांत बाळाच्या घडणीत अडथळा आणते. मधुमेह नसलेल्या आयांच्या शंभरातल्या दोन-तीन बाळांत काही ना काही जन्मजात दोष असतो. एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची मागच्या काही महिन्यांची सरासरी सांगणारा आकडा, १० च्या पुढे असताना गर्भ राहिला, तर हे प्रमाण कित्येक पटींनी वाढतं. गर्भपाताची शक्यताही वाढते.

म्हणून पहिलं उत्तर: आजपासून मूल होण्याची तयारी सुरू करा, पण गर्भ राहू देऊ नका. एचबीए१सी ६.५ च्या खाली येईपर्यंत गर्भनिरोधक वापरा. निरोध, कॉपर टी, गोळ्या, यातलं तुम्हाला काय चालेल ते स्त्रीरोगतज्ज्ञ ठरवतील. घरी "चार वर्षं झाली, अजून किती थांबायचं" असं ऐकावं लागत असेल, याची मला कल्पना आहे. सासूबाईंना पुढच्या भेटीला सोबत घेऊन या, असं मी नेहमी सांगतो. हे तीन-चार महिने नातवाच्या हृदयासाठी आणि मेंदूसाठी आहेत, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की घरातला सूर बदलतो.

८.९ वरून ६.५ वर यायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतो, त्यामुळे आज साखर सुधारली तरी अहवालात ती लगेच दिसत नाही. ६.५ ही काही लक्ष्मणरेषा नाही. ८.९ चा ७.५ झाला तरी धोका कमी होतो, ७ झाला तर आणखी कमी. ६.८ वर गाडी अडली आणि आणखी खाली आणताना वारंवार साखर उतरून घाम फुटायला लागला, तर ६.८ वरच पुढे जायला मी तयार असतो, खासकरून वय पस्तिशीच्या पुढे असेल तर. मात्र १० च्या वर असताना कोणी "बघू, होईल ते होईल" म्हणालं, तर मी स्पष्ट नाही म्हणतो.

एक पोटशंका इथेच मिटवू. एचबीए१सी हा आकडा तांबड्या पेशींवर अवलंबून असतो. लोहाच्या कमतरतेने हिमोग्लोबिन कमी असेल तर तो खोटा वाढलेला दिसू शकतो. सिकलसेल (तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) असेल तर तो अजिबात भरवशाचा नसतो, आणि विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेल असलेली कुटुंबं पुष्कळ आहेत. तेव्हा सोबत हिमोग्लोबिन तपासा, आणि घरच्या ग्लुकोमीटरचे आकडे वहीत लिहून ठेवा. दोन्ही जुळत नसतील तर मी वहीवर विश्वास ठेवतो.

आता गोळ्या. स्वतःच्या मनाने एकही बंद करू नका, पण यातल्या तीन बदलाव्या लागतीलच. टेल्मिसार्टन आणि त्या जातीतली बीपीची औषधं बाळाच्या मूत्रपिंडाला घातक असतात. त्याऐवजी लॅबेटालॉल, निफेडिपिन किंवा मिथिलडोपा देता येतं. रोसुव्हास्टॅटिन गर्भधारणेच्या आधीच थांबवायचं. ग्लिमेपिराइडची जागा इन्सुलिन घेईल. मेटफॉर्मिन मात्र चालू ठेवता येतं. ते नाळेतून बाळापर्यंत पोचतं हे खरं आहे आणि ते मी लपवत नाही, पण वर्षानुवर्षांच्या वापरात त्यामुळे जन्मजात दोष वाढल्याचं दिसलेलं नाही. पीसीओएस (संप्रेरकांच्या बिघाडाने पाळी अनियमित होण्याचा आजार) असलेल्या मुलींना तर पाळी नियमित व्हायला त्याची मदतच होते. कोणी साखरेसाठी डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन घेत असेल तर तेही थांबवायचं. वजन उतरवायला सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांनी गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी ते सोडायला हवं, कारण ते शरीरातून फार हळू जातं.

फोलिक अ‍ॅसिडचं तुम्ही विचारलं नाहीत, पण ते आजच सुरू करण्यासारखं आहे. मधुमेह असलेल्या स्त्रीला रोज ५ मिलिग्रॅमची गोळी लागते, गर्भधारणेच्या आधीपासून ते बारा आठवड्यांपर्यंत. बऱ्याच मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्यांत याच्या दहाव्या हिश्शाइतकंच फोलिक अ‍ॅसिड असतं, तेव्हा पाकिटावरचा आकडा वाचा. सोबत बी१२ तपासून घ्या, आणि हे मी आग्रहाने सांगतो. मेटफॉर्मिनमुळे बी१२ कमी होतं, शाकाहारी घरांत ते मुळातच कमी असतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास केला. त्यात दोन तृतीयांश आयांचं बी१२ कमी आढळलं. ज्या आयांचं फोलेट (रक्तातलं फोलिक अ‍ॅसिड) भरपूर आणि बी१२ कमी होतं, त्यांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती जास्त दिसली. फोलिक अ‍ॅसिड टाळा, असा याचा अर्थ अजिबात नाही. ते घ्याच, आणि बी१२ कमी असेल तर तेही भरून काढा.

डोळ्यांचा पडदा आधी तपासून घ्या. साखर झपाट्याने खाली आणली की पडद्यावरचा जुना आजार काही काळ उसळतो, आणि गरोदरपणातही तो वाढतो. लेझरची गरज असेल तर ते आधी उरकलेलं बरं. मूत्रपिंडासाठी लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन, शिवाय थायरॉइड आणि बीपी, या तपासण्याही याच फेरीत.

इन्सुलिनबद्दल तुमच्या प्रश्नात भीती दिसते. टाइप २ मधुमेह असलेल्या बहुतेक जणींना गरोदरपणात इन्सुलिन लागतं. ते "शेवटचं औषध" म्हणून देत नाहीत. आईची साखर नाळेतून बाळाकडे जाते, पण इन्सुलिन नाळ ओलांडत नाही, म्हणून बाळाच्या दृष्टीने ते सगळ्यात निर्धास्त औषध. पोटावर टोचलेली ४ मिलिमीटरची सुई बाळापर्यंत पोचत नाही. ती कातडीखालच्या चरबीतच राहते. रोज एकाच जागी टोचू नका. तिथे गाठ होते आणि गाठीतून इन्सुलिन धड शोषलं जात नाही. बाळंतपणानंतर इन्सुलिन कायमचं लागेल असंही नाही.

एक गोष्ट मात्र दुकानातच नीट बघून घ्या. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा दर मिलिलिटरला ४० युनिटचं असतं आणि पेनमधलं १०० युनिटचं. ४० च्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, १०० च्या बाटलीला नारिंगी टोपणाची. ४० चं इन्सुलिन नारिंगी सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत भरलं तर अंगात फक्त ४ युनिट जातात. उलटं झालं, म्हणजे १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये भरलं, तर १० ऐवजी २५ जातात. "डोस वाढवत नेला तरी साखर हलत नाही" म्हणून आलेल्या बाईची पिशवी मी सगळ्यात आधी टेबलावर रिकामी करायला लावतो. पुष्कळदा उत्तर त्या टोपणाच्या रंगातच सापडतं.

गर्भ राहिला की आकडे आणखी कडक होतात. उपाशीपोटी ९५ च्या खाली, जेवणानंतर एका तासाने १४० च्या खाली किंवा दोन तासांनी १२० च्या खाली. तास मोजायचे ते पहिल्या घासापासून, ताट उचलल्यापासून नव्हे. हात साबणाने धुऊन, कोरडे करून मगच बोट टोचा. आंबा चिरलेल्या हाताने तपासलं तर मीटर २५० दाखवतं आणि नको तितकं इन्सुलिन घेतलं जातं.

सगळे नऊ महिने एकसारखे जात नाहीत. सुरुवातीच्या महिन्यांत, साधारण नवव्या ते सोळाव्या आठवड्यात, इन्सुलिनची गरज बऱ्याच जणींत कमी होते. त्यात उलट्या, जेवण जात नाही. याच काळात साखर एकदम उतरते, पुष्कळदा पहाटे. हात थरथरणं, घाम, डोळ्यांपुढे अंधारी येणं, चिडचिड, असं काही वाटलं की तपासा. ७० च्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात ढवळून प्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा, मग काहीतरी पोटभरीचं खा. बिस्किट किंवा पेढ्याने हे काम पटकन होत नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही ओतायचं नाही. १०८ ला फोन करायचा. हे तुमच्यापेक्षा तुमच्या नवऱ्याला आणि सासूबाईंना माहीत असणं जास्त गरजेचं आहे, कारण त्या क्षणी तुम्हाला सुचणार नाही.

सोळाव्या आठवड्यानंतर चित्र उलटतं. नाळेतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे शरीर इन्सुलिनला जुमानत नाही आणि डोस चढत जातो, छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत दुप्पट, कधी तिप्पट. "माझा मधुमेह बळावला" म्हणून रडू येण्याचं कारण नाही. शरीर जे करायला हवं तेच करतंय, आपण डोस वाढवून त्याला साथ द्यायची. उलट शेवटच्या महिन्यांत इन्सुलिनची गरज अचानक, फारसं कारण नसताना घटली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. नाळेचं काम तपासावं लागतं. बाळाची हालचाल कमी वाटली तरी तसंच, सकाळची वाट बघायची नाही.

टाइप १ मधुमेह, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही असा मधुमेह, असलेल्या वाचकांसाठी एक वाक्य मोठ्या आवाजात: उलट्या होत असल्या, जेवण जात नसलं, तरी लांब टिकणारं इन्सुलिन बंद करायचं नाही. गरोदरपणात साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. घरी लघवीतलं कीटोन (म्हणजे हेच आम्ल) तपासायच्या पट्ट्या ठेवा, आणि त्या पॉझिटिव्ह आल्या तर थेट रुग्णालय गाठा.

जेवणाबद्दल मी जास्त बोलतो, कारण तिथेच सगळं घडतं किंवा बिघडतं. गरोदर बाईने दोघांचं जेवायचं, हे आपल्या घरांत प्रेमानेच सांगितलं जातं, पण मधुमेहात त्या प्रेमाची वाटणी करावी लागते. तेच अन्न तीन जेवणं आणि तीन छोटी खाणी असं विभागा. सकाळी शरीर इन्सुलिनला सगळ्यात कमी दाद देतं. म्हणून ज्या पोह्यांनी संध्याकाळी फारसं काही होत नाही, त्याच पोह्यांनी सकाळी साखर १८० वर जाते. नाश्त्याला मुगाची धिरडी, अंडं, मटकीची उसळ असं काही घ्या. पोहे हवेच असतील तर अर्धी वाटी, भरपूर शेंगदाणे-मटार घालून. ज्वारीची भाकरी चांगली, पण ती मोजायची नाही असं नाही. मोठी जाड भाकरी कधी कधी दोन पोळ्यांएवढी भरते. नाचणीचं सत्त्व पौष्टिक म्हणून पेला भरून देतात. तेवढ्या बारीक दळलेल्या, शिजवलेल्या पिठाने साखर झर्रकन चढते, नाचणीची भाकरी त्यापेक्षा बरी. गूळ आणि साखर यांत मधुमेहाच्या दृष्टीने काही फरक नाही. भात बंद करायची गरज नाही. आधी कोशिंबीर आणि उसळ, मग वरणासोबत मोजून एक वाटी. आणि भीतीपोटी पोळी-भातच सोडून देऊ नका. उपाशी राहिल्याने कीटोन वाढतात आणि ते बाळाला चांगले नाहीत.

इन्सुलिनवर असताना निर्जळी उपवास नको. हरतालिका असो की एकादशी, यंदा देवाला सांगून मोकळ्या व्हा. साबुदाणा खिचडी तर उपवास नसतानाही नको, तो जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. डोहाळेजेवण मात्र जरूर करा. त्या दिवशी काय खाणार ते आदल्या दिवशी ठरवा, एक गोड पदार्थ निवडा, चार घास खा, आणि जेवणानंतर पंधरा मिनिटं चाला. जेवणानंतरचं चालणं रोजच हवं.

आता तुमच्या जाऊबाई. त्यांना झालाय तो गरोदरपणातला मधुमेह, तुम्हाला आहे तो आधीपासूनचा. भारत सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक गरोदर स्त्रीला पहिल्याच भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून दिलं जातं, जेवलेली असो वा उपाशी, आणि दोन तासांनी साखर बघतात. १४० किंवा त्याहून जास्त आली की गरोदरपणातला मधुमेह. ही सोपी पद्धत चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुजवली, कारण आपल्याकडे खेड्यातून आलेल्या बाईला "उद्या उपाशी ये" म्हटलं की ती पुन्हा येईलच असं नाही. ग्लुकोज प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर चाचणी दुसऱ्या दिवशी परत करावी लागते. जाऊबाईंच्या बाळाची घडण पूर्ण झाल्यावर साखर वाढली असेल, तर जन्मजात दोषांची भीती त्यांना फारशी नाही. बाळ जास्त मोठं होणं, बीपी वाढणं, जन्मल्यावर बाळाची साखर उतरणं, हे धोके आहेत. आधी दोन आठवडे आहार आणि चालणं. तरीही जेवणानंतरची साखर १२० च्या वर राहिली तर औषध. तुम्हाला ही ग्लुकोज पिण्याची चाचणी लागतच नाही.

बाकीचं भराभर सांगतो. बाराव्या आठवड्यापासून कमी डोसची अ‍ॅस्पिरिन, बीपी वाढून गुंतागुंत होऊ नये म्हणून, डॉक्टरांच्या सल्ल्याने. १८ ते २० आठवड्यांत बाळाच्या अवयवांची सोनोग्राफी, २० ते २४ आठवड्यांत हृदयाची वेगळी तपासणी. २८ आठवड्यांनंतर दर महिन्याला सोनोग्राफीत बाळाची वाढ आणि बाळाभोवतीचं पाणी बघायचं. डोळे पुन्हा तपासायचे. मुदतीआधी प्रसूतीची चिन्हं दिसली आणि बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉइडची इंजेक्शनं द्यावी लागली, तर पुढचे काही दिवस साखर उसळते. त्या वेळी दाखल होऊन इन्सुलिन वाढवून घ्यायचं.

मधुमेह आहे म्हणजे सिझेरियनच, असं नाही. पण आधीपासूनच्या मधुमेहात बहुधा ३७ ते ३९ आठवड्यांच्या दरम्यान प्रसूती ठरवून करतात. जागा निवडताना नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग तिथेच आहे का, एवढं नक्की विचारा. आईकडून साखर जास्त येत होती म्हणून बाळाच्या स्वादुपिंडाला इन्सुलिन जास्त बनवायची सवय लागलेली असते. नाळ कापली की साखर थांबते, इन्सुलिन मात्र चालूच राहतं, आणि बाळाची साखर उतरते. म्हणून पहिल्या तासातच अंगावर पाजायचं आणि टाचेतून थेंब घेऊन बाळाची साखर तपासायची. टाचेला टोचताना बघवत नाही, पण ते करू द्या.

वार पडल्यावर तुमची इन्सुलिनची गरज काही तासांत एकदम खाली येते. शेवटच्या महिन्यातला डोस तसाच चालू ठेवला तर धोका आहे. नवीन डोस लिहून घेतल्याशिवाय पुढचं इंजेक्शन घेऊ नका. मेटफॉर्मिन आणि इन्सुलिन घेत असताना अंगावर पाजता येतं. रात्री पाजण्याआधी काहीतरी खा, पाजताना साखर उतरते. डिंकाचे, अळिवाचे लाडू करायचे तर डिंक, अळीव, खोबरं ठेवा, गूळ नावापुरता. जाऊबाईंनी बाळ सहा आठवड्यांचं झालं की ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी परत करायची, आणि पुढे दरवर्षी साखर तपासायची. बाळाचं लसीकरण आणि ही तपासणी एकाच दिवशी ठेवा, म्हणजे राहून जात नाही.

बाळाला मधुमेह होईल का? जन्मतः नाही. मोठेपणी टाइप २ होण्याची शक्यता त्याला इतरांपेक्षा जास्त राहील, हे खरं आहे, कारण ते घराण्यातूनही येतं. पोटात असताना साखर आटोक्यात ठेवणं, अंगावर पाजणं आणि लहानपणी वजन अवाजवी वाढू न देणं, एवढं तुमच्या हातात आहे.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणी आधीच गरोदर असेल, साखर वाढलेली असेल आणि वरच्या गोळ्याही चालू असतील, तर गर्भ पाडायचा का या विचाराने रात्र काढू नका. ८ किंवा ९ एचबीए१सी असतानाही बहुतेक बाळं व्यवस्थित जन्मतात. आजच डॉक्टरांना फोन करून कोणत्या गोळ्या थांबवायच्या ते विचारा, साखरेची औषधं मात्र मनाने सोडू नका, ५ मिलिग्रॅम फोलिक अ‍ॅसिड सुरू करा. आणि उद्या सकाळी जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं, इन्सुलिनची बाटली आणि सिरिंज, मीटर आणि आकड्यांची वही, हे सगळं एका पिशवीत घालून न्या.